दोष कुणाकडचा, लिहून द्या!

आमच्या पेटीत रक्ताच्या नळ्या जमतात, त्याच्या दुप्पट किस्से जमतात. नळीवर नंबर चिकटवून ती लॅबमध्ये देता येते. किस्से मात्र घरीच न्यावे लागतात.

गरोदरपणात कुणाची साखर वाढते, कुणाचं बीपी चढतं. त्यातलं किती पिढीजात येतं, हे आमच्या डॉक्टर मॅडम जीन्स तपासून शोधतात. त्यासाठी घरातल्या सगळ्यांचं रक्त लागतं. नसीमताई रक्त काढतात. मी फॉर्म भरतो आणि बर्फाची पेटी सांभाळतो. शाळा नववीत सुटली, पण नळीवर चुकीचा नंबर अजून चिकटवलेला नाही.

सध्या आम्हाला घोर आहे तो येरवड्याच्या सविताचा. पहिल्या खेपेला बीपी चढलं आणि बाळ सातव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा पाचवा लागलाय, आणि सासू तपासणीला पाठवत नाही. म्हणते, "तिच्या माहेरचं रक्तच तसं. तपासून काय होणार?"

*

खडकीच्या एका बाईंना ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. दोन तासांनी साखर बघायची होती. साखर अगदी कमी आली. नवरा खुशीत म्हणाला, "तिला गोड जात नाही हो. निम्मं मीच संपवलं!"

नसीमताई म्हणाल्या, "मग निम्मं रक्त तुमचं काढू का?"

*

सदाशिव पेठेत आजोबांनी दार अर्धंच उघडलं.

"आपण?"

"रक्त न्यायला आलोय."

"मागच्या वर्षी दिलं होतं. संपलं?"

आत घेतलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच विचारलं, "घराण्यात कुणाला डायबेटिस?"

"घराण्यात नाही. मला आहे."

*

पाळीची तारीख विचारायची म्हणजे मला घाम फुटतो. एका घरी मी बाईंकडे न बघताच विचारलं, तर ती बाई हसायला लागली. "अहो दादा, फ्रिजला काय विचारताय? मी इकडे आहे!"

*

मॅडम एकदा स्वतः आमच्याबरोबर सविताच्या घरी आल्या, सासूबाईंना भेटल्या. "बाळ निम्मं बापाचं असतं. बीपी चढण्याचं कारण त्याच्याकडूनही येऊ शकतं," असं म्हणाल्या.

सासूबाई मूळच्या यवतमाळच्या. त्या उसळल्याच. "माह्या पोरात काही खोट नाही! घ्या माहं रक्त. दोष कुणाकडचा, ते लिहून द्या."

"रिपोर्टमध्ये दोष लिहीत नाहीत, मावशी," नसीमताई म्हणाल्या. तरी सासूबाईंनी हात पुढे केला. सविता आत चहा टाकत होती.

नळी भरली. मी फॉर्म काढला.

"गरोदरपणात बीपी चढलं होतं?"

"तेव्हा कोण मोजत होतं?"

"मुलं किती?"

"एकच. हिचा नवरा."

पुढचा प्रश्न छापलेलाच असतो. मी वाचला, "दिवस किती वेळा गेले होते?"

सासूबाई हातावरचा कापूस दाबून बसल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात नसीमताईंनी मला हातानेच थांबवलं.

"चार वेळा," सासूबाई म्हणाल्या.

मी चार लिहिलं.

त्या उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि आत बघून ओरडल्या, "सविता, गॅस बंद कर. चप्पल घाल. तपासणीला जायचं आहे, मी येते संगं!"