बाकाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाणाऱ्या डॉक्टर

डॉ. कुमुदिनी आगवेकर यांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. नर्सिंगचा कोर्स संपवून मी दाभोळहून रत्नागिरीला आले होते. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग असं सगळं मनात घोकून बसले होते. कुमुदिनीताईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. माझे वडील मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणाला बरं वाटेनासं झालं, तर सर्वात आधी काय करता?"

मी खरं तेच सांगितलं. "सर्वात आधी कोणालाच सांगत नाही."

ताई म्हणाल्या, "उद्यापासून ये."

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वैद्यकीय ज्ञानाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली घडलेली एक परिचारिका. दवाखान्याच्या आत उभं राहून जे पाहिलं, तेवढंच सांगते.

ताई सकाळी दवाखान्यात आल्या की आपल्या खोलीत आधी जात नसत. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांपासून सुरुवात करून त्या अगदी शेवटच्या माणसापर्यंत चालत जात. प्रत्येकाचा चेहरा बघत, कोणाच्या कपाळाला हात लावत, एखाद्याचं नाव विचारत. मला पहिल्यांदा वाटलं, बाई बोलक्या आहेत, विचारपूस करतात. मग लक्षात आलं की ही तपासणीच होती. ज्याला बोलता येतं, ज्याच्या अंगावर बरे कपडे आहेत, तो आपलं दुखणं पुढे येऊन सांगतो. ज्याला आयुष्यभर मागे उभं राहायची सवय लागली आहे, तो जीव घाबरा झाला तरी चपलांपाशी अंग चोरून बसतो. ताई त्याला शोधत असत.

अशाच एका सकाळी बाकावर पहिल्या जागी भाऊसाहेब बसले होते. मोठे आंबा बागायतदार, गावात वजन असलेला माणूस. ताई त्यांना नमस्कार करून पुढे गेल्या त्या थेट शेवटी बसलेल्या सुरेखापाशी थांबल्या. सुरेखा मूळची बुरोंडीची, लग्न होऊन रत्नागिरीत आलेली. कोळंबी सोलण्याच्या कामावर जायची. पोटुशी होती, पाचवा महिना. सोबत सासू होती. सुरेखा वाक्य पुरं करताना मध्ये श्वास घेत होती.

ताईंनी तिचा हात धरला आणि आत न्यायला लागल्या. भाऊसाहेब उठले. "डॉक्टर, नंबर माझा पहिला आहे."

"नंबर तुमचाच," ताई म्हणाल्या, "पण तुम्हाला घाई आहे आणि हिला धाप आहे."

भाऊसाहेब तोंड पाडून खाली बसले. आमच्या तपासणीच्या खोलीला तेव्हा दार नव्हतं, नुसता पडदा होता. त्यामुळे आतलं बोलणं त्यांना ऐकू जातच होतं.

सुरेखा त्याआधी तीन दवाखान्यांत जाऊन आली होती. एकाने अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, एकाने टेन्शन घेऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि एकाने सलाईन लावलं, त्यानंतर तिला जास्तच दम लागला. छातीला स्टेथोस्कोपची नळी मात्र कोणी नीट लावली नव्हती. सासू म्हणाली, "बाय, आमच्यात समद्याच बायका अश्या दमतात. काम काय थोडा असता?"

ताईंनी सुरेखाला डाव्या कुशीवर वळवलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "लहानपणी घसा दुखून ताप यायचा? सांधे सुजायचे?"

"यायचा. आई हळद लावायची."

"आडवी झोपतेस की बसून?"

सुरेखाने मान खाली घातली. "भिंतीला टेकून झोपते. घरात कोनाला सांगितला नाय."

तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. लहानपणीच्या त्या दुर्लक्षित तापानेच ती खराब केली होती. बाळंतपणापर्यंत थांबलं असतं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी खेळ होता. नसेतून बारीक फुगा आत नेऊन झडप मोकळी करण्याची सोय मुंबईत होती. ताईंनी हे सोप्या शब्दांत सांगितलं. सासू घाबरली, पण तिने जे विचारलं ते मी अजून विसरलेले नाही. "मुंबईत खंय जायाचा? कोनाच्या दारात उभा ऱ्हायाचा? आमाला कोन विचारतो तिथं?"

ताईंनी तिला चिठ्ठी देऊन वाटेला लावलं नाही. त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर."

तेवढ्यात पडद्याबाहेरून भाऊसाहेबांचा आवाज आला. "माझी गाडी न्या. ड्रायव्हर मुंबईचे रस्ते ओळखतो."

ताई बाहेर आल्या. "गाडी नेते. तुमचं बीपी मी परत आल्यावर बघते. तोवर लोणचं बंद."

भाऊसाहेब हसले आणि घरी चालत गेले.

मुंबईला मीही बरोबर होते. त्या मोठ्या रुग्णालयात सुरेखाला बघून एक तरुण डॉक्टर वैतागले. "इतके दिवस कुठे होता तुम्ही? तुमच्यासारखे लोक अगदी शेवटी येतात." सुरेखाच्या सासूने पदर तोंडाला लावला. ताई पुढे झाल्या. आवाज चढवला नाही. "डॉक्टर, ती वेळेवरच आली होती. ती तीन दवाखान्यांत होती. उशीर आपल्या डॉक्टर लोकांकडून झालाय, तिच्याकडून नाही."

त्या तरुण डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण माणूस चांगला होता. त्यांनी सुरेखाला स्वतः खुर्चीवर बसवलं, आणि पुढचं सगळं त्यांनीच धावपळ करून जमवलं. झडप मोकळी झाली. त्यानंतर सुरेखा पहिल्यांदा पाठ टेकून झोपली, आणि सासू तिच्या उशाशी बसून नुसती बघत राहिली. यथावकाश मुलगी झाली. आज सुरेखा औषधं वेळेवर घेते आणि शेजारच्या बायकांना धाप लागली की ओढून दवाखान्यात आणते.

मुंबईहून परतीच्या वाटेवर संगमेश्वर मागे पडल्यावर ताई म्हणाल्या, "मंगल, प्रत्येकीबरोबर मला जाता येणार नाही. काहीतरी करायला हवं." त्यांनी जे केलं ते साधंच होतं. आपल्या भागातली कितीतरी माणसं मुंबईत नोकरीला आहेत. त्यांतल्या काहींना ताईंनी तयार केलं. इथून पेशंट निघाला की त्यांच्यापैकी कोणीतरी रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहतो, केसपेपर काढून देतो, कोणत्या मजल्यावर जायचं ते दाखवतो, आणि साहेब रागावले तर दोन शब्द बोलतो. ही व्यवस्था अजून चालू आहे. भाऊसाहेबांचा मुंबईतला मुलगाही त्यात आहे.

ताईंना श्रीमंतांचा राग आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. डोकं दुखतं म्हणून मोठमोठ्या तपासण्यांचा आग्रह धरणाऱ्या एका व्यापारी गृहस्थांना त्यांनी चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं आणि डोकेदुखी थांबली. "एकाला हवी ती तपासणी मिळत नाही, दुसऱ्याला नको तीसुद्धा मिळते. दोघांचंही नुकसानच," असं त्या म्हणत.

माझ्या वडिलांचं बीपी वाढलं तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी खारवलेली मासळी कायमची बंद सांगितली होती. पावसाळ्यात बोटी बंद असताना आमच्या घरी दुसरं काय असणार? वडिलांनी मासळी सोडली नाही, डॉक्टर सोडला. हे कळल्यावर ताई एका रविवारी दाभोळला आमच्या घरी आल्या, चुलीपाशी पाटावर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, ही मासळी भिजत घाला, दोन-तीनदा पाणी बदला, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. मग मला वाढा." वडील म्हणाले, "मंग चव काय ऱ्हायली?" ताई म्हणाल्या, "कोकम वाढवा." आणि खरंच दोघं एका पंगतीत जेवले. माझे वडील गोळ्या घ्यायला लागले ते त्या दिवसापासून.

आता दवाखाना तरुण डॉक्टर सांभाळतात. ताई आठवड्यातून एकदा येतात. गुडघे कुरकुरतात, ऐकू जरा कमी येतं, पण चेहऱ्यावरचा आनंद तोच आहे. परवा त्यांना म्हटलं, "ताई, लेखाच्या शेवटी तुम्ही शंभर वर्षं जगावं असं लिहिणार आहे."

"लिही," त्या म्हणाल्या. मग हसून विचारलं, "मी एकटीनेच?"

म्हणून माझी इच्छा जरा मोठी करून मागते. ताईंना निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि त्यांनी ज्यांच्या छातीला नळी लावून मन लावून ऐकलं, त्या खाडीकाठच्या आणि घाटाखालच्या साऱ्या माणसांनाही तेवढीच लाभोत. इतक्या गर्दीत म्हातारं व्हायला ताईंना नक्की आवडेल.