मिलिंदच्या वाट्याच्या दोन ओळी

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मिलिंद सकाळी लॉगिन झाला नाही म्हणून त्याच्या टीममधल्या मुलीने पोलिसांना घरी पाठवलं, आणि वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या अपार्टमेंटमध्ये तो खुर्चीतच गेलेला सापडला... एकटाच राहायचा. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्याने माझं नाव दिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सहा आठवडे झाले, अजून राग येतो. त्याचा कमी, माझा जास्त.

दिवसभर डेटाबेस सांभाळणारा हा माणूस संध्याकाळी कॉलेजात जाऊन जुनं ग्रीक शिकला. कशासाठी, तर तिथली युद्धाची महाकाव्यं मुळातून वाचायला. 'ग्रीकशास्त्री' म्हणून आम्ही त्याला पुरेपूर छळलं. बड्या वीरांचं त्याला फारसं कौतुक नव्हतं, त्याचा जीव किरकोळ शिपायांवर. पुढे येतो, भाला लागतो, संपला... पण कवी त्याला तसा सोडत नाही. बाप कोण, आईने कुठल्या नदीकाठी जन्म दिला, एवढं दोन ओळींत सांगतो आणि मगच पुढे जातो. वॉशिंग्टनला पाहुण्यांना युद्धस्मारक दाखवताना मिलिंद भिंतीवरच्या नावांपुढे कुरकुरायचा, "कवीची रीत यांनी उचलली खरी, पण अर्धीच. नावं ठेवली, बाप गाळले."

दोन वर्षांपूर्वीच्या लेऑफमध्ये आमची बारा माणसं गेली. कॅफेटेरियात मिलिंद एकेकाबद्दल बोलायला लागला. "रवी. वर्ध्याचा. वडील पोस्टात होते, आईला अजून विहिरीचंच पाणी लागतं. स्नेहा..."

"मेलं नाहीये कुणी, यार," मी म्हटलं. "लंच कर."

"एचआरने तर नावंसुद्धा घेतली नाहीत," तो म्हणाला, आणि बाराही जणांचं सांगूनच त्याने डबा उघडला.

एवढं त्याला ठाऊक असायचं, कारण तो विचारायचा. त्याला कुणी विचारलं नाही. आमच्या पुणेरी टोळक्याने त्याचं आडनाव ऐकून काय समजायचं ते समजून घेतलं होतं, आणि पुढचं न विचारण्यालाच आम्ही सभ्यपणा म्हणत होतो. अठरा वर्षं!

फ्युनरल होममध्ये मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म पुढे आला. जन्मगाव? अमेरिकन पासपोर्टवर नुसतं इंडिया. आईचं माहेरचं नाव? वडिलांचं नाव? आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावातच असतं, पण याच्या सगळ्या कागदांवर मध्ये फक्त एक 'डी'. दत्तात्रय, दिगंबर, धोंडिबा... त्याचा फोन लॉक. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, तर चाळीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि नाव एकालाही सांगता आलं नाही. काउंटरवरची बाई समजुतीने म्हणाली, "इट्स ओके, जस्ट पुट अननोन." आईबापांच्या दोन्ही रकान्यांत मी तेच लिहिलं.

त्याखाली माझं त्याच्याशी नातं काय, असं विचारलं होतं. तिथे मी 'मित्र' लिहिलं.