जांभळावरचा जिवाणू

विरजण मागायला कोणी आलं तर आमच्याकडे "कशाला हवंय?" असं कधी विचारत नाहीत. वाटी पुढे आली की चमचाभर दही घालायचं, विषय संपला. इथे सिंगापूरला, क्लेमेंटीतही आम्ही मराठी बायका तेच करतो. या ब्लॉकमधलं दही त्या ब्लॉकमध्ये लिफ्टने फिरत असतं. हीच सवय मी प्रयोगशाळेत नेली आणि तोंडावर आपटले.

मी वाइनवर काम करते. हे ऐकून गावाकडची मंडळी डोळे मोठे करतात, म्हणून आधीच सांगते: पिण्यावर नाही, आंबण्यावर. द्राक्षाच्या रसाची दारू यीस्ट करतं. ते झालं तरी वाइनमध्ये मॅलिक आम्ल उरतं, कच्च्या सफरचंदातलं, दात आंबवणारं. मग दुसरं आंबणं सुरू होतं. दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद त्या मॅलिकचं लॅक्टिक आम्ल करतात आणि वाइन जिभेला मऊ लागते. पण हे जिवाणू महा नाजूक, जरा गरम झालं की मान टाकतात. टेक्का मार्केटातून आणलेल्या जांभळांच्या सालीवर मला एक असा सापडला, जो सिंगापूरच्या उकाड्यातही निवांत काम करायचा. त्याला वेगळा काढण्यात आणि वाढवण्यात माझी दोन वर्षं गेली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, साठीच्या एक चिनी बाई, त्याच्या पेटंटची तयारी करत होत्या. ते मिळालं तर माझी नोकरी पुढे चालणार होती. नाही मिळालं तर बॅग भरायची.

फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीत नाशिकची एक मुलगी राहायची. एका छोट्या वायनरीत कामाला होती, आणि सदा "ताई, ताई" करत माझ्या मागे. एका रविवारी सकाळी ती ओट्याला टेकून हमसून हमसून रडत होती. कंपनीतलं कूलिंग बंद पडलं होतं, टाकीतले जिवाणू मेले होते, दुसरं आंबणं अडकलं होतं आणि खापर हिच्या डोक्यावर फुटलं होतं.

"ताई, काढून टाकतील गं मला. कामाचा पास गेला की परत जावं लागेल. घरी काय सांगू?"

मला कळवळा आला. खोटं कशाला बोलू, थोडा मोठेपणाही वाटला. सोमवारी प्रयोगशाळेच्या फ्रिजमधून माझ्या जिवाणूची एक नळी काढली, रजिस्टरमध्ये लिहिली नाही, आणि डब्याच्या पिशवीत उरलेल्या पोळ्यांखाली ठेवून घरी आणली.

"ही टाकी झाली की उरलेलं सगळं फेकून द्यायचं," मी बजावलं.

"तुझी शप्पथ, ताई."

काही आठवड्यांनी तिने कामावरून फोटो पाठवला. चाचणीच्या कागदावर एकेका आम्लाचा पिवळा ठिपका उठतो. मॅलिकचा ठिपका गायब होता. संध्याकाळी ती बाटली घेऊन आली आणि माझ्या गळ्यातच पडली. वाइन खरंच लोण्यासारखी झाली होती. मी अख्खा ग्लास संपवला.

पुढच्या वर्षी बाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता. त्या वायनरीने एका जिवाणूचं पेटंट मागितलं होतं. त्याची जनुकीय माहिती आमच्या जिवाणूशी अक्षरन्अक्षर जुळत होती, आणि शोध लावणारी म्हणून नाव होतं माझ्या फ्लॅटमधल्या मुलीचं.

"आपल्या फ्रिजमधून कोणीतरी चोरलंय," बाई म्हणाल्या. "चौकशी समितीला मी सांगून आलेय, माझी माणसं असलं काही करत नाहीत."

मी नुसती मान हलवली आणि तशीच घरी आले.

ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"तुला सापडला काय गं जिवाणू? कुठे? आपल्या सिंकमध्ये?"

तिची सुरी थांबली नाही. "बॉसने विचारलं कुठून आणलास. तुझं नाव घेतलं असतं तर तूच अडकली असतीस, ताई."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस! केवढे उपकार!"

"आणि दिलास तर तूच ना? मी काही चोरला नाही."

"उद्या माझ्याबरोबर चल आणि बाईंना खरं काय ते सांग. एवढंच कर."

"नाही जमणार. माझं पीआरचं, इथे कायमचं राहायचं चाललंय." मग तिने कांदा कढईत टाकला आणि शांतपणे विचारलं, "तू पोहे खाशील ना?"

अस्सा संताप आला! कढई उचलून खिडकीबाहेर भिरकावावी असं वाटलं. खोलीत जाऊन दार लावलं आणि ढसाढसा रडले. जिवाणू गेला त्याचं नव्हतं इतकं. ही बया वर्षभर माझ्यासमोर बसून माझ्या हातच्या भाकऱ्या खात होती, आणि एकदाही हिच्या घशात घास अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. तिचं रडणं, तिची शपथ, तिचा खोटेपणा, अगदी तावातावाने सांगितलं. बाई ऐकत होत्या. पोळ्यांखालच्या नळीपर्यंत मी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे समितीसमोर मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या.

"मॅडम, त्या मुलीने मला फसवलं हो."

"त्या मुलीला मी ओळखतही नाही."

त्यांनी आमच्या पेटंटची फाइल बंद केली आणि कपाटात ठेवली. माझ्याकडे पाठ होती तेव्हाच त्या म्हणाल्या, "बाहेरच्या एखाद्या टाकीत हा जिवाणू चालतो का, ते आपल्याला बघायचंच होतं. मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं."