मुद्देमाल : एक हरेवा

ती घटना आजही आठवते. पण निवृत्तीनंतर कोणी आठवणी विचारल्या की मी खुनाचे, दरोड्याचे गुन्हे सांगायचो. ही टाळायचो.

चंदगडच्या एसटीतून एक जण रानपाखरू घेऊन मंगळवार पेठेत विकायला येतोय, अशी खबर मिळाली. बसस्थानकावरच त्याला धरले. पिंजऱ्यात हरेवा होता. पानासारखा हिरवा, कपाळ सोनेरी, काळ्या गळ्यावर निळी झाक. दाट रानातला हा गाणारा पक्षी आता फार कमी दिसतो. ठाण्यात आल्या आल्या त्याने हुबेहूब शिक्र्याचा, त्या शिकारी पक्ष्याचा, आवाज काढला आणि व्हरांड्यातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"साहेब, ह्यो तर पक्का चारशेवीस हाय!" हवालदार म्हणाले. सारे ठाणे हसले. आरोपीही हसला.

जिवंत पक्षी लगेच वन विभागाकडे द्यायला हवा होता. पण मला खरेदी करणारा म्होरक्या हवा होता. पंचनामा झाल्यावर, इतर मुद्देमालाला करतो तसे, मी पिंजऱ्यालाही कापड शिवून लाखेचे सील ठोकायला लावले.

चौकशीत आरोपी बधेना. एकच धोशा, "मला काय बी करा, पर त्याला केळं द्या की. सकाळपास्नं उपाशी हाय त्यो."

"नाव सांग, सील तोडतो."

दुपारी ठाण्याच्या छपराचा पत्रा तापला तसा तो रडत बोलला. नाव त्याच्या बायकोच्या सख्ख्या भावाचे होते.

"आता बायकू घरात घ्यायची न्हाय मला. जावा, तोडा सील."

मी स्वतः तोडले. हरेवा तळाशी मरून पडला होता.

कोठडीपाशी गेलो. गज धरून त्याने विचारले, "खाल्लं काय त्यानं?"

"खाल्लं," मी म्हणालो.

त्याने हात जोडले.

त्या नावावरून टोळी सापडली, माझे कौतुक झाले. पक्षी मेल्याची नोंद कागदावर झाली; आरोपीला ती कोणी वाचून दाखवली नाही. माणूस मारापेक्षा मायेने लवकर बोलतो, असे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवायचो. त्या मायेचे मी काय केले, ते सांगत नसे.

काही वर्षांनी तो पन्हाळ्यावर कणसे भाजताना दिसला. बायको माहेरी गेली ती परतली नव्हती. तरी मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"साहेब, रानातच सोडला न्हवं त्याला? पोरंबाळं झाली असतील की आता!"

'माफ कर मला,' एवढेच म्हणायचे होते. मी "व्हय" म्हणालो.