आत्याच्या जिभेवरच्या भेगा

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी चहाचं आधण ठेवत होते. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. धनजच्या आमच्या घरी आत्याचं सगळं तीच पाहायची. "ताई, आत्याबाई गेल्या. उठवाले गेली तं अंग थंड लागलं. झोपेतच गेल्या," ती म्हणाली. त्यावर मी काय विचारलं ते आज लिहितानाही मान खाली जाते. मी विचारलं, "तिच्या जिभेवर काही होतं का? जखम, पांढरा चट्टा, असं काही?" मग वहिनी हळूच म्हणाली, "जिभेवर?... ताई, तुमी आधी खाली बसा. पाणी प्या घोटभर." तिला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं. तसं नव्हतं. चाळीस वर्षं जो प्रश्न आम्ही दोघींनी तोंडात धरून ठेवला होता, तो आत्या गेल्याबरोबर बाहेर आला, एवढंच. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं लिहून दिलं. जिभेचा काही संबंध नव्हता.

याला आता सहा आठवडे झाले. आत्याविषयी लिहायचं तर तिच्या जिभेविषयीच लिहावं लागणार, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणूनच बहुधा हात धजत नव्हता. तिनं ती जीभ जन्मभर लपवली. ती कमी बोलायची, आणि बोलायची ते ओठ अर्धवट मिटून. गावाला ती तिरसट वाटायची. चारदा पाहायला पाहुणे आले, चारही वेळा ती मान खाली घालून हो-नाही एवढंच बोलली आणि पाचव्या खेपेला तिनं आजोबांना सांगून टाकलं की मला लग्नच करायचं नाही. का, ते सांगितलं नाही. मला सांगितलं, पण फार नंतर. "तोंड उघडलं असतं तं दिसलंच असतं ना कवातरी," ती म्हणाली होती.

दिसण्यासारखं असं काय होतं? जिभेच्या मधोमध एक खोल रेघ आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेले फाटे, वैशाखात काळ्या रानाला पडतात तसे. बस, एवढंच. आधी तिला नुसती लाज होती. पण आजोबांची जीभ तशीच होती आणि पुढे आजोबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. ते दिवसभर आमच्या किराणा दुकानाच्या गादीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, आत्यालाही. तरी तिच्या मनात खर्रा मागे राहिला आणि भेगा पुढे आल्या, कारण खर्रा तिच्या तोंडात नव्हता, भेगा होत्या. आजोबांचे शेवटचे महिने तिनं काढले. त्यांच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं पाणी सोडलं, त्या तोंडाचा वास सहन केला. ते गेल्यावर तेराव्या दिवशी तिनं दुकानातल्या तंबाखूच्या सगळ्या पुड्या मागच्या अंगणात जाळल्या. आणि त्याच आठवड्यात मंदिरात जाऊन रात्रीचं अन्नपाणी सोडण्याचा नियम घेतला, जन्मभराचा. आमच्या जैन घरांत तो नवलाचा नव्हे. पण आत्यानं तो घेतला आणि तिच्या जिभेचे हाल सुरू झाले.

त्याचं असं होतं. दिवस मावळायच्या दोन घटका आधी जेवण उरकायचं, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. ज्याची जीभ सपाट आहे तो चूळ भरतो आणि मोकळा होतो. आत्याच्या भेगांत कण अडकायचे. जवसाच्या चटणीची टरफलं, तीळ, भाकरीचा चुरा... चूळ भरून ते निघायचे नाहीत. आणि तिच्या मनात आलं की एखादा कण तिथेच राहिला, दिवस मावळल्यावर सुटून घशात उतरला, तर ते रात्रीचं खाणंच झालं. असा विचार कोणाच्या मनात येईल का, असं वाचणाऱ्याला वाटेल. ज्याच्या जिभेला भेगा आहेत आणि ज्यानं नियम मनापासून धरला आहे, त्याच्याच मनात येतो. मागच्या खोलीला पश्चिमेकडे एक खिडकी आहे. तिच्या गजाला पोहरादेवीच्या जत्रेतून आणलेला लाल कडेचा गोल आरसा तारेनं बांधलेला होता. रोज संध्याकाळी आत्या तिथे उभी राहायची. मिठाचं कोमट पाणी, आणि पाणी गाळायच्या जुन्या फडक्याचा तुकडा बोटाला गुंडाळलेला. मावळतीचा उजेड तोंडात पडला की भेगा स्वच्छ दिसतात. ती घासायची. थुंकायची. पुन्हा आरशात बघायची, पुन्हा घासायची. एक डोळा उन्हाकडे. ऊन समोरच्या निंबाच्या शेंड्यावर गेलं की तिचा हात घाईनं चालायचा.

मी नऊ वर्षांची असताना एकदा तिच्या मागे जाऊन उभी राहिले. आरशात तिची जीभ आणि त्यामागे माझा चेहरा असं एकदम दिसलं. ती दचकली नाही. वळली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "जीभ काढ."

"काहून?"

"काढ म्हनलं ना."

मी काढली. तिनं मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. तिनं काही सांगायच्या आधीच मला कळलं की माझ्या तोंडात काहीतरी भयंकर आहे. "तुले पन हाय," ती म्हणाली. "कोनाले सांगू नको. तुह्या मायले तं मुळीच नको. मी हाय ना." त्या दिवसापासून त्या आरशासमोर आम्ही दोघी उभ्या राहू लागलो. मला नियम नव्हता, पण फडकं मिळालं. घासून घासून जीभ झोंबायची, वरणसुद्धा तिखट लागायचं. आणि झोंबलं की आत्या म्हणायची, पाहिलंस, सुरू झालं आतून. म्हणजे मग आणखी घासायचं. आजोबांचंही आधी असंच झोंबायचं ना. वर्गात बाई "आ कर" म्हणाल्या तर काय, या भीतीनं मी शाळेत गाणं म्हणायचं सोडलं. पुस्तकांकडे वळले, त्याला हेही एक कारण असावं. वाचायला तोंड उघडावं लागत नाही.

पुढे वाशीमला शाळेत नोकरी लागली. अक्कलदाढ दुखायला लागली तेव्हा दंतवैद्याकडे जाणं टळेना. खुर्चीत पडून तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. एक मध्यमवयाच्या बाई होत्या. त्या दाढ पाहत होत्या, मग थांबल्या. "जीभ बाहेर काढा जरा." मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, "भेगा आहेत. घरात आणखी कोणाला आहेत का?" मी आत्याचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, आणि ते कशानं गेले तेही. त्यांनी आजोबा काय खायचे ते नेमकं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा, ते तंबाखूनं झालं. जिभेच्या भेगा हा आजार नाही. काही घराण्यांत असतात, वयाबरोबर जास्त दिसतात. त्यांचा कॅन्सर होत नाही. पण ही जीभ एवढी लाल का? कशानं घासता?" मी फडक्याचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, आतून बाहेर हलक्या हातानं फिरवा, जेवणानंतर भरपूर चुळा भरा, झोंबेल ते काही दिवस खाऊ नका. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्टा किंवा गाठ दिसली तर मात्र लगेच या, तसं तर ते सगळ्यांनाच सांगते. बाकी विसरून जा... विसरून जा, असं त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी मी मऊ ब्रश घेऊन धनजला गेले आणि सगळं आत्याला सांगितलं. ती दुकानात शेंगदाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"त्या बाईच्या जिभेले हायेत का भेगा?" तिनं विचारलं.

"नाहीत."

"मंग तिले काय समजते. अन् समज, नाही होत त्याचा कॅन्सर. कनाचं काय? माह्या नेमाचं काय?"

तो दंतवैद्याचा प्रश्नच नव्हता. ब्रश पुडक्यातच राहिला. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा तिच्या जिभेची कड सोलून निघालेली होती. रोज नवं घासणं, म्हणून जखम भरायची नाही. भरत नाही म्हणून ती रोज मोजायची. नववा दिवस, अकरावा दिवस. "दोन हप्त्यांचं म्हने ना तुही डाक्तर," असं ती म्हणाली. ती जेवणच कमी करत चालली होती. अडकणारा कणच नको म्हणून दूध आणि भाताची पेज. पोलकं खांद्यावरून उतरत होतं. मला आजोबांचे शेवटचे महिने आठवले आणि वाटलं, ही जिभेनं नाही, भीतीनं मरणार.

तेव्हा मी खोटं बोलले. त्या वर्षी चातुर्मासासाठी कारंज्याला एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, थांबल्या होत्या. मी आत्याला म्हणाले, कारंज्याला जाऊन माताजींना विचारून येते. गेले खरी, पण एसटी स्टँडच्या बाकावरून पुढे पाय उचलेना. त्यांनी उलट सांगितलं तर? त्यांनी म्हटलं की घासलंच पाहिजे, तर? तासभर बसले आणि परतीच्या बसनं धनजला आले. आत्या दारातच होती. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "माताजी म्हणाल्या, आपण हातानं उचलून तोंडात घालतो ते खाणं. भेगेत राहिलं त्याचा दोष नाही. देहाला इजा करू नका म्हणाल्या." आत्यानं एकच विचारलं, "असं म्हनल्या?" मी मान हलवली.

त्या संध्याकाळी तिनं पुडकं फोडलं. मऊ ब्रश एकदा आतून बाहेर फिरवला, चुळा भरल्या, आणि ब्रश खाली ठेवला. ऊन अजून निंबावर होतं. वेळ शिल्लक होता. ती आरशात न बघता दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून उभी राहिली. ऊन शेंड्यावर गेलं, मग गेलंच. तिचा गळा एकदाही हलला नाही, थुंकी गिळायचीही तिला भीती वाटत होती. अंधार पडल्यावर तिनं गज सोडले, तेव्हा तळव्यांवर वळ होते.

जिभेची कड अकराव्या दिवशी भरली. महिन्याभरात ती भाकरी खायला लागली, पुढे जवसाची चटणीही. नंतरची वीस-बावीस वर्षं ती बरी गेली असं मी मानत आले. फक्त खोटेपणाचं ओझं माझ्याकडे राहिलं. देवाधर्माच्या नावानं मी तिचा नियम मोडला असेल तर, हा विचार दर चातुर्मासाला वर यायचा आणि मी तो पुन्हा गिळायची.

ती जायच्या तीन आठवडे आधी मी धनजला गेले होते. तिला आता आरशात नीट दिसत नव्हतं. जेवण झाल्यावर खिडकीपाशी बसून तिनं माझ्यापुढे तोंड उघडलं. "पाह्य बरं, मले काई दिसत नाही." मी पाहिलं. भेगा पूर्वीपेक्षा खोल होत्या, पण जीभ गुलाबी, स्वच्छ. "काही नाही आत्या. छान आहे." तिनं तोंड मिटलं. मग बाहेर बघत म्हणाली, "तू गेलीच नव्हती ना माताजीकडं?"

मी मान खाली घातली.

"मी गेली होती," ती म्हणाली. "तू सांगतलं त्याच्या दुसऱ्या हप्त्यात. म्हनलं, एकदा आपल्या कानानं आयकावं. तिथल्या बाया म्हनल्या, वाशीमची मास्तरीन कोनी आलीच नाही."

"मग माताजी काय म्हणाल्या?"

"त्यायचं मौन होतं त्या दिवशी. घंटाभर बसली समोर. मंग शेवटची बस होती." ती थोडं हसली. ओठ मिटूनच. "पुन्ना गेली नाही. उलटं सांगतलं असतं तं?"

म्हणजे इतकी वर्षं... तिला माहीत होतं की कोणी काही सांगितलेलं नाही. तरी ती रोज ब्रश एकदाच फिरवत आली. मी विचारलं, "मग फडकं पुन्हा का नाही धरलंस? भीती नाही वाटली?"

"वाटे ना. रोज वाटे. आताई वाटते." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "पन तू आली की माह्या बाजूले उभी राह्यत होती. मी घासलं की तू घासत होती. तुह्या फडक्याले रगत लागलेलं मी पाह्यलं होतं. मंग म्हनलं, जाऊ दे. दोष लागला तं मले लागन."

ती गेल्यावर वहिनीनं विचारलं, आत्याबाईची काही वस्तू पाहिजे का. मी आरसा मागितला. तार सोडवताना दिसलं, गजाचा रंग दोन ठिकाणी हाताएवढा उडालेला आहे. माझी समजूत होती की तिनं गज त्या एकाच संध्याकाळी धरले होते.

आरसा आता वाशीमला माझ्या पश्चिमेच्या खिडकीत आहे. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहते. जीभ बाहेर काढते, उजेडाकडे वळते. गेल्या आठवड्यात डाव्या कडेला एक लाल ठिपका दिसला. आज सहावा दिवस आहे. बहुधा गरम चहानं भाजलं असेल. चौदा दिवस झाले तर मी दंतवैद्याकडे जाईन, नक्की जाईन. पण आज काय करायचं, ते मला आत्यानं दाखवून ठेवलं आहे. मी ब्रश एकदा आतून बाहेर फिरवते, चूळ भरते, आणि ब्रश खाली ठेवते. मग हात आपोआप गजांकडे जातात.