तिसऱ्या ओळीतल्या चांदण्या

कोल्हापुरातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी चार वर्षं काढली. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि लाइन कुठं अडतेय ते सांगायचं, हे माझं काम. त्याचा मला जरा गर्वच होता. मालक ग्राहकांना सांगायचे, "आमच्या मॅडम बसल्या जागेवरनं शाहूवाडीचा खांब बघतात."

त्या बाजूच्या डोंगरातल्या गावांची लाइन चाचा सांभाळायचे. पन्नाशी उलटलेले लाइनमन. केसाएवढी बारीक फायबर जोडताना त्यांचा हात हललेला मी कधी बघितला नाही.

एका पावसाळी सकाळी तिकडच्या आरोग्य केंद्रातून फोन आला. नेट येतंय, दोन मिनिटांत जातंय. मी कमांड मारली. आपला संदेश वाटेत कुठल्या यंत्रांवरून जातो, ते ती एकाखाली एक ओळीत दाखवते. तिसऱ्या ओळीत उत्तराऐवजी * * * अशा तीन चांदण्या उमटल्या. म्हणजे तिथलं यंत्र गप्प. आठवड्यापूर्वी चाचांनी तिथंच नवा जॉइंट मारला होता.

"चाचांचा जॉइंट गेलाय," मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

मालकांनी तिथंच फोन स्पीकरवर लावला. चाचा म्हणाले, "जॉइंट पक्का हाय, साहेब. मी सोता तपासलाय."

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतोय व्हय?"

चाचा डोंगरात गेले, जॉइंट उघडून पुन्हा मारला. चांदण्या तशाच. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना परत जायला सांगितलं. निघायच्या आधी ते माझ्या टेबलाशी आले. रेनकोटातून पाणी गळत होतं.

"पोरी, तू हितनं बघतीस, मी खांबावरनं. एकदा भायरनं कुणाला तरी बघायला सांग की."

"बघते, चाचा," म्हणाले, आणि दुसरं काम संपवत बसले. तासभर तरी.

मग आठवलं. जगभर लोकांच्या घरात मोजणीची छोटी यंत्रं असतात; कमांड देऊन त्यांना आपल्याकडं संदेश पाठवायला लावता येतं. मी पुण्यातल्या आणि बंगळूरमधल्या यंत्रांना कामाला लावलं. उत्तरं आली. संदेश गळत होते, पण डोंगरात नव्हे. आमच्या ऑफिसातून शाहूवाडीकडं जाणाऱ्या पहिल्याच टप्प्यात. तिसऱ्या ओळीतलं यंत्र असल्या चौकशीला उत्तरच देत नव्हतं, एवढंच. त्याच्या खालच्या ओळी माझ्या कालच्या मोजणीतही उत्तर देत होत्या, म्हणजे संदेश चाचांचा जॉइंट ओलांडून पुढं जात होता. त्या मी वाचल्याच नव्हत्या.

मी आतल्या खोलीत जाऊन त्या लाइनचं मॉड्यूल, म्हणजे फायबरमधून प्रकाश सोडणारा बोटभर भाग, बदललं. आरोग्य केंद्राचं नेट सुरळीत झालं. ते खराब मॉड्यूल महिन्याभरापूर्वी मीच बसवलं होतं.

चाचांना फोन लावला. रेंज नाही. पुन्हा, पुन्हा लावला. दुपारी त्यांच्याच नंबरवरून कुणी अनोळखी माणूस बोलला, "ओ ताई, तुमचा माणूस घाटात गाडीवरनं पडलाय. उजवं मनगाट मोडलंय."

मी मालकांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्टात लाइन फॉल्ट लिहा. आता ते उकरून कुणाचं भलं होणार हाय?" मी लिहिलं, म्हणजे दोष चाचांच्याच माथी मारला. माझ्याच बोटांनी.

चाचांच्या घरी जायला मला तीन आठवडे लागले. चाची चहा ठेवून आत गेल्या. मी सगळं सांगितलं. मॉड्यूलचं, न वाचलेल्या ओळींचं, त्या रिपोर्टाचंही. चाचा प्लास्टरवर हात फिरवत ऐकत होते.

"चूक कुणाचीबी हुती," ते म्हणाले. "पर तीन आठवडं सगळी मला म्हणत्यात, म्हाताऱ्याचा हात गेला. ते तू ऐकत हुतीस न्हवं?"

मी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट बदलला, सगळ्यांना पाठवला. मालक चिडले, पण मला काढलं नाही. चाचा मात्र परत आले नाहीत. हाड जुळलं, बोटांची थरथर राहिली. आता ते कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर बसतात. मागच्या महिन्यात तिकडं काम निघालं होतं. त्यांनी मला ओळखलं, डाव्या हातानं रजिस्टर पुढं सरकवलं आणि म्हणाले, "सही करा, मॅडम."

पोरी म्हणाले नाहीत.