पांढऱ्या पट्ट्यावर यशवंतपूर

"तुझ्या या डबड्यापेक्षा बैल बरा! भूक लागली की हंबरतो तरी."

"हीसुद्धा सांगते, अप्पा. ऐकणारा पाहिजे."

आमची भिंतीला भिंत, म्हणून हे भांडण घरबसल्या कानावर आलं. पंच्याण्णव साल, आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पूजेला आलेले थोरले अप्पासाहेब धाकट्या भावावर, विठोजीअण्णांवर, खेकसत होते.

अण्णा यशवंतपूरला एका दुकानात विजेच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरायचे. डावा गुडघा गेलेला. पायडल मारणं बंद, बसची पायरीही चढवेना. मग त्यांनी स्वतःच सायकलीला मोटर बसवली, मागं लाकडी पेटीत दोन बॅटऱ्या. अप्पासाहेबांचा एकच धोशा: काम सोड, बोम्मसंद्राला माझ्याकडे येऊन राहा. अण्णांना मात्र बसून खायचं नव्हतं.

आदल्या दिवशी बाजारातून पूजेचे कोहळे आणि केळीचे खुंट लादून आणले, त्यात बॅटरी निम्मी झाली. संध्याकाळी चार्जर लावावा, तर बायकोनं, सकवारबाईनं, तो हळदकुंकू वाहून देवापुढं मांडलेला. पूजेतलं हत्यार सकाळपर्यंत उचलायचं नाही. अण्णा मोटारीशी झटापट करतील, बायकोशी नाही.

"आज वाटेत अडकलास तर सायकल विकायची आणि माझ्याबरोबर यायचं. सरी? कबूल?"

"सरी."

अण्णांनी रबरी फुग्याची काचेची नळी काढली. बॅटरीच्या एकेका घरातलं तेजाबाचं पाणी त्यात ओढायचं. आत तरंगणाऱ्या दांडीचा हिरवा पट्टा पाण्याशी आला तर बॅटरी भरलेली, पांढरा आला तर निम्मी, लाल आला तर गप घरी बसा. दोन्ही बॅटऱ्यांची मिळून बाराही घरं पांढऱ्यावर.

"जायला पुरे. परतीचं दुकानात भरून घेईन."

मी कट्ट्यावरून विचारलं, "अर्ध्या पोटी पोचेल का हो?"

"अर्ध्या पोटीच स्वल्प जपून चालता येतं, अक्का."

मल्लेश्वरमच्या चढावर ते उतरले आणि लंगडत सायकल ढकलत गेले. वर पोचल्यावर निवांत कॉफी प्यायले. दमलेल्या बॅटरीला विसावा दिला की ती थोडी सावरते, असं त्यांचं शास्त्र. वेळेवर दुकानात पोचले, दिवसभर बॅटरी चार्जरवर ठेवली आणि संध्याकाळी घंटी वाजवत दारात हजर.

"ढकलत आणलीस?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"मागं बसून बघा की!"

आणि अप्पासाहेब, एवढा जाडजूड माणूस, धोतर सावरत मागं बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले! त्यानंतर बोम्मसंद्राचं नाव निघालं नाही.

अण्णा अठ्ठ्याण्णवला झोपेतच गेले. आदल्या दिवशीची फेरी माझ्याच कामाची होती. माझ्या मिक्सरची मोटर जळली होती. सकाळी बाराही घरं तपासली, सगळी हिरवी. मिक्सर पेटीवर बांधून गेले, संध्याकाळी फिरता करून आणून दिला. "करा आता चटणी," म्हणाले. मग काचेची नळी धुऊन उलटी टांगली, आणि बॅटरी चार्जला लावली.